घराची खूण

१

दुसऱ्यांचा मळ हेच मालकीणबाईंचं पोट होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांची लाँड्री होती, आणि सकाळी शटर वर गेलं की पहिलं काम म्हणजे आलेले कपडे हुंगणं. हो, हुंगणंच. डाग नुसता बघून कळत नाही. चहा आणि गंज डोळ्यांना सारखेच दिसतात, नाकाला नाही. कॉलर उलटी करायची, नाकाशी न्यायची आणि सांगायचं: हा घाम, हे तेल, हे औषध, हे नुसते अश्रू, याला काही करायला नको. गल्लीतली माणसं त्यांना वचकून असत ती यामुळेच. ज्या बाईला आपल्या काखेचा सगळा इतिहास पाठ आहे, तिच्याशी हुज्जत कोण घालणार?

दुकानात त्यांना कशाची म्हणजे कशाचीच किळस नव्हती. सगळी किळस त्यांनी घरासाठी राखून ठेवली होती. घरात पेल्याचा गोल उमटलेला चालायचा नाही, कुणाचा केस दिसलेला चालायचा नाही. ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, म्हणायची, "तू मला पण एक दिवस कांजी घालून वाळत टाकशील." दोघी बहिणींनी त्या घरात उभा जन्म काढला होता. मग ताईची छाती बिघडली, रुग्णालयातला मुक्काम लांबत गेला, आणि मालकीणबाईंना घर खायला उठलं. म्हणून ताईच्या खोलीत त्यांनी एक बाई ठेवली. नोकरी करणारी, एकटी, हळू बोलणारी. चूक म्हणाल तर पहिली ती.

बाईचं काम होतं फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं. त्यामुळे तिच्या तोंडात दोनच वाक्यं बसली होती. काहीही सांगा, ती म्हणायची, "समजलं हं." आणि थोडं थांबून, "अजून काही राहिलंय का?" मालकीणबाईंनी मनातल्या मनात तिचं बारसं केलं होतं: समजलंबाई.

समजलंबाई ओली होती. दुसरा शब्द नाही. तिने धरलेली दाराची मूठ ओली, तिने उचललेला रिमोट ओला, तिने बसून उठलेली खुर्ची ओलसर आणि कोमट. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, जशी दिवसभर पाण्यात हात घालून होतात. मालकीणबाईंची तशी व्हायची, पण त्या धुणं धुवायच्या. ही तर दिवसभर फोन धरून बसायची.

"साबणाला केस चिकटलेला असतो तुमचा," मालकीणबाई म्हणायच्या.

"समजलं हं."

"आणि चमचा चाटून परत भांड्यात ठेवू नका हो. बशीत नखं कापून ठेवली होती काल. बशीत!"

"समजलं हं. अजून काही राहिलंय का?"

दुसऱ्या दिवशी साबणाला केस असे, आणि बशीत नखं असत. ओली.

२

डॉक्टरांनी सांगितलं, ताईला घरी न्यायला हरकत नाही. "पण खोली कोरडी हवी. भिंतीला, गादीला, कशालाही ओल नको. या छातीला ओल म्हणजे विष."

मालकीणबाईंनी त्याच दिवशी समजलंबाईला जायला सांगितलं. ती म्हणाली, "समजलं हं." आणि राहिली.

मामेभाऊ वकील होता. वयाने मोठा, म्हणून दादा. कोर्टाचा काळा कोट तो याच दुकानात टाकायचा, आणि कोट घ्यायला आला की सल्ला फुकट देऊन जायचा. मालकीणबाईंनी काउंटरवरच त्याला गाठलं.

"दादा, हाताला धरून बाहेर काढली तर?"

"तर ती तुला हाताला धरून कोर्टात नेईल."

"घर माझं आहे!"

"घर तुझं, पण खोलीचा ताबा तिचा. तू तिला राहायला दिलंस, ती राहिली. आता कुलूप बदलायचं नाही, पाणी तोडायचं नाही, सामान जिन्यात फेकायचं नाही. यातलं एक जरी केलंस, तर गुन्हा तुझा होईल आणि ती तिथेच बसेल."

"मग मी करायचं काय? तिच्या नखांची पूजा?"

दादा हसला. रागावलेल्या बहिणीपुढे हसायला वकिलाचंच काळीज लागतं. मग त्याने नीट समजावलं. आधी लेखी नोटीस, तारीख घालून. तारखेला गेली तर उत्तम. नाही गेली तर कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे महिने. गेली आणि सामान मागे ठेवलं, तर साक्षीदारासमोर त्याचा पंचनामा करायचा, एका खोक्यात सील करायचं आणि तिला कळवून वाट बघायची. "आणि तिच्या वस्तूला हात लावायचा नाही. वापरायची नाही, धुवायची नाही, तुझ्या सामानात मिसळायची नाही. वस्तू तुझ्या घरात तुझ्यासारखी वावरली, की उद्या ती म्हणणार, मी घरचीच आहे."

"ती घरची? थू!"

"थुंकून दावा फेटाळत नाहीत," दादा कोट खांद्यावर टाकत म्हणाला.

३

नोटिशीच्या तारखेला समजलंबाई खरोखरच गेली. निमूटपणे, एक फुगलेली बॅग घेऊन. दादा साक्षीला उभा होता. तिने किल्ली मालकीणबाईंच्या हातात ठेवली. किल्ली कोमट होती आणि बुळबुळीत, जशी कुणी तोंडात धरून आणावी. 

"अजून काही राहिलं असेल तर सांभाळा हं," ती म्हणाली. आणि जिना उतरून गेली. पायऱ्यांवर तिच्या तळव्यांचे ओले ठसे उमटले होते. पायात तर तिच्या बूट होते, असं मालकीणबाईंना नंतर आठवलं. पण नंतर आठवलेल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता.

खोली रिकामी होती. कपाट उघडं, खण उघडे, गाठोडं नाही, चिंधी नाही. फक्त दाराच्या मागे खुंटीवर एक गाऊन लटकत होता. फिकट, धुऊन धुऊन रंग गेलेला.

"हा राहिला बघ," दादा म्हणाला. "खोक्यात घाल. सील लाव. विसरून जा."

मालकीणबाईंनी चिमट्याने तो गाऊन खोक्यात टाकला. दादाने चिकटपट्टी लावून वर सही केली. मग त्या गादीकडे वळल्या. गादी घरची होती, ताईची. चादर काढली तर मधोमध एक ओला डाग.

"पाणी सांडलं असेल," दादा म्हणाला.

दादा गेल्यावर मालकीणबाई वाकल्या आणि सवयीने त्यांनी डाग हुंगला. पाणी नव्हतं. पाणी वाळताना कडेला पिवळी रेघ सोडत नाही. घाम होता. आणि जुना नव्हता. जुना घाम आंबट होतो, हा अजून खारट होता. आत्ता उठून गेल्यासारखा.

४

गादी गच्चीवर उन्हात टाकली. संध्याकाळी खडखडीत वाळलेली गादी खाली आणून पलंगावर पसरली. सकाळी बघतात तर डाग परत, आणि थोडा भिंतीकडे सरकलेला.

मालकीणबाई काही भोळ्या नव्हत्या. त्यांनी नळवाल्याला बोलावलं. त्याने भिंत ठोकली, छत बघितलं, पाठीमागच्या न्हाणीघरातली जोडणी उघडून बघितली.

"इथून पाइपच जात नाही, बाई. भिंत कोरडी आहे. ओल वरून येत नाहीये."

"मग कुठून येतेय?"

त्याने गादीवर पंजा ठेवला, आणि लगेच काढून पँटला पुसला. "आतून येतेय," तो म्हणाला. "गादी गरम आहे की. कुणी आजारी होतं का इथं?"

त्याने हात धुवायला साबण मागितला. साबणाला एक लांब केस चिकटलेला होता. मालकीणबाईंचे केस आखूड होते, आणि पिकलेले. त्यांनी साबण कचऱ्यात टाकला, नवा काढून दिला, आणि स्वतःला बजावलं: जुना केस, जुना साबण, राहून गेला असेल. साबण त्यांनी कालच नवा काढला होता ही गोष्ट त्यांनी मनातून हलकेच बाजूला सारली.

तेवढ्यात त्यांना वास आला. सील केलेल्या खोक्यातून येत होता. दमट, गोडसर, फडकं पिळून तसंच ठेवलं की येतो तसा. डोक्यात नुसती तिडीक गेली. ताई दोन-चार दिवसांत येणार, आणि घरात हे न धुतलेलं कापड कुजत पडणार? ज्या बाईने गावाचा मळ धुतला, तिच्याच घरात? कायदा गेला खड्ड्यात, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. खोकं काखेत मारून त्या दुकानात गेल्या.

५

त्यांच्या दुकानाची एक रीत होती, त्यांच्या आईपासूनची. कपड्यावर खूण घालायची ती माणसाची नाही, घराची. एका घराला एक खूण. कुणाला दोन टिंबं, कुणाला फुली, कुणाला आकडी. कॉलरच्या आत, नाहीतर कडेला, न निघणाऱ्या शाईने. घरातल्या सासूची साडी असो नाहीतर नातवाची चड्डी, खूण एकच, गठ्ठाही एकच. इस्त्रीवाले काका कपडे खुणेवरून लावायचे. ते नावं वाचत नसत, त्यांना गरजच नव्हती. ती रीत कधी चुकली नव्हती.

मालकीणबाईंनी गाऊन बाहेर काढला. काखेत पिवळे चट्टे, मानेला काळसर मेणचट थर. त्यांनी शाईची काडी उचलली. कपडा हातात आला की आधी खूण, मग पाणी. उभ्या जन्माची सवय. कुठल्या घरचा? हाताने विचारलंच नाही. गाऊन त्यांच्या घरातून आला होता, म्हणून हाताने त्यांच्या घराची खूण घातली: एक टिंब, खाली आडवी रेघ. तीच जी त्यांच्या आणि ताईच्या कपड्यांवर होती.

शाई मुरल्यावर लक्षात आलं. मग त्यांनी खूप घासलं. पण निघेल तर ती खूण कसली?

गाऊन मात्र स्वच्छ निघाला. काकांनी कडक इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी दादा कोट टाकायला आला, तेव्हा मालकीणबाईंनी पडेल चेहऱ्याने त्याला सगळं सांगितलं. त्याने कॉलर उलटून बघितली आणि कपाळावर हात मारला.

"सील फोडलंस, धुतलास, आणि वर घरची खूण घातलीस? अगं, मी तिचा वकील असतो तर पेढे वाटले असते!" तो हसायला लागला. "तू तर तिला घरची करून टाकलंस."

मालकीणबाई हसल्या नाहीत. खूण घातल्यापासून ओल खोलीबाहेर आली होती. सकाळी त्यांनी स्वतःचा टॉवेल उचलला तो चिंब होता. आणि त्यांच्या चहाच्या पेल्याच्या काठावर, त्या ओठ लावतात त्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या ओठांचा मेणचट ठसा होता. त्यांनी पेला फोडून टाकला आणि मोरीत ओकल्या.

"हा गाऊन तू घेऊन जा," त्यांनी दादाला विनवलं. "तुझ्याकडे ठेव. पुरावा म्हण, काही म्हण."

"दे," दादा म्हणाला. त्यांचा चेहरा बघून तो चेष्टा विसरला होता.

६

मालकीणबाईंनी जुनी गादी कचरागाडीत घालवली. नवी आणली. घर फिनेलने तीनदा पुसलं, खिडक्या सताड उघड्या टाकल्या. खोलीच्या खिडकीची एक काच सैल होती, वारा आला की खटखट वाजायची: दोनदा भरभर, मग एकदा सावकाश. ताई तिला 'आपला पोस्टमन' म्हणायची.

आणि मग दुकानातून, भरदुपारी, गिऱ्हाइकं समोर असताना, त्यांनी समजलंबाईला फोन लावला. हे आधीच का केलं नाही याचा त्यांना स्वतःचाच राग आला. सरळ सांगायचं: ये, तुझा गाऊन घे, आणि संबंध संपव. कायद्यात बसणारी, शहाण्या माणसाची गोष्ट.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"तुमचा गाऊन माझ्या भावाकडे आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "पत्ता देते, घेऊन जा. नाहीतर तुमचा पत्ता सांगा, पाठवून देते."

"समजलं हं."

"पत्ता सांगा ना."

पलीकडे श्वास ऐकू आला. ओला, नाकात पाणी असल्यासारखा. "तुम्हाला माहीत आहे की," ती म्हणाली.

आणि त्या श्वासाच्या मागे मालकीणबाईंना खटखट ऐकू आली. दोनदा भरभर. मग एकदा सावकाश.

त्या दुकान तसंच टाकून घरी धावल्या. कुलूप जसंच्या तसं होतं. खोलीत कुणी नव्हतं. कपाटात नाही, पलंगाखाली नाही, पडद्यामागे नाही. सैल काचा सगळ्याच घरांना असतात, वारा सगळीकडे सारखाच, असं त्या पुटपुटत होत्या. ते बरोबरच होतं. नवी गादी कोरडी होती. त्यांना रडू आलं, इतकी कोरडी. फक्त उशीचा अभ्रा आतून किंचित उबदार होता, पण ऊन त्याच बाजूने येत होतं.

दुकानात परतल्या तेव्हा काका त्यांच्या घरचा गठ्ठा बांधत होते. सगळ्यात वर तो गाऊन होता, घडी घातलेला.

"हा कुठून आला?"

"दादांच्या कोटाच्या पिशवीत होता. चुकून आला असेल," काका म्हणाले. "खूण तुमची, म्हणून तुमच्यात लावला. काखेत डाग होता ताजा. धुऊन घेतला."

७

ताई घरी आली. वाळून काटकी झाली होती, पण खोलीत शिरताच म्हणाली, "पोस्टमन आहे का अजून?" खिडकीने उत्तर दिलं. दोघी हसल्या. मालकीणबाईंना वाटलं, झालं, संपलं. गाऊन त्यांनी भट्टीच्या निखाऱ्यात घातला होता. कापड जळता जळत नव्हतं, नुसतं वाफाळत होतं, पण शेवटी काळं झालं होतं. तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

दोन दिवस बरे गेले. मग ताईच्या छातीत घरघर सुरू झाली.

"खोली दमट आहे का?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं.

"नाही हो. मी रोज हात लावून बघते."

ते खरं होतं. त्या रोज सकाळी गादी, भिंत, फरशी चाचपून बघत होत्या. ताईला चाचपायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

त्या दुपारी त्या औषध घेऊन लवकर घरी आल्या. ताईचं दार अर्धवट उघडं होतं. ताई दाराकडे तोंड करून कुशीवर झोपली होती, ओठ जरासे उघडे. खोलीत लख्ख ऊन होतं. मालकीणबाई हाक मारणार तोच त्यांना ताईच्या खांद्यावर काहीतरी दिसलं.

हात होता. ताईच्या पाठीमागून आलेला, खांद्यावर ठेवलेला. तान्ह्याला थोपटावं तसा हळूहळू थोपटत होता. बोटांची टोकं पांढरी होती, पाण्यात राहून राहून सुरकुतलेली, आणि प्रत्येक थापेसरशी ताईच्या खांद्यावरचं कापड जरा अधिक गडद होत होतं.

हातातली पिशवी वाजली. बोटं थांबली. मग एकेक करून, मुळीच घाई न करता, खांद्यामागे गेली.

मालकीणबाई पलंगाच्या पलीकडे गेल्या. तिथे कुणी नव्हतं. गादीत एक लांबट खड्डा होता, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो सावकाश भरून वर येत होता. ताईची पाठ भिजून चिंब झाली होती. मालकीणबाईंनी कापड नाकाशी नेलं. खारट. ताजं.

ताईने डोळे न उघडताच विचारलं, "थांबलीस का गं? बरं वाटत होतं."

किळस काय असते ते मालकीणबाईंना त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. मळाची किळस वेगळी, तो धुता येतो. आपल्या बहिणीच्या अंगाला ते लागलं होतं, आणि तिला ते मायेचं वाटलं होतं. 

८

दादाला त्यांनी फोन केला. तो आता मुळीच हसत नव्हता.

"ताबा मिळवायचा अर्ज करता येतो," तो म्हणाला. "पण अगं, कुणाविरुद्ध करू? खोली रिकामी आहे. रिकाम्या खोलीतून कुणाला बाहेर काढ म्हणून कोर्टाला सांगू?"

बरोबर होतं त्याचं. कायद्यात तोड नव्हती. मालकीणबाईंनी दुकानातून आणलेल्या घरच्या गठ्ठ्यावरून हात फिरवला. काकांनी सकाळीच बांधला होता, आणि ताईच्या रात्रीच्या कपड्यांवर तो फिकट गाऊन होता, नीट घडी घातलेला, एका बाहीला जळल्याचा काळा डाग. काकांना काही विचारण्यात अर्थ नव्हता. खूण तुमची, म्हणून तुमच्यात लावला. काका चुकत नव्हते. रीत चुकत नव्हती. एका घराची माणसं एका गठ्ठ्यात जायची.

मग एकाच घरात दोन घरं करायची.

दुपारभर त्या कात्री घेऊन बसल्या. ताईच्या एकूण एक कपड्याची कॉलर कापली, टॉवेलची कड कापली, चादरीचा कोपरा कापला. खुणेचं कापड उरलं नाही. नवीन पट्ट्या शिवल्या आणि त्यावर नवी खूण घातली, जी दुकानात आजवर कुणालाच दिली नव्हती. स्वतःच्या कपड्यांना त्यांनी हात लावला नाही. गाऊनलाही नाही. ताईला त्यांनी आपल्या खोलीत हलवलं, तिचे पेले, ताटल्या, साबण वेगळे काढले, फडताळात मधोमध फळी ठोकली. स्वतःचं अंथरूण ताईच्या जुन्या खोलीत घातलं. पलंगाच्या कडेला, अर्धी गादी सोडून.

ताईची घरघर आठवड्याभरात ओसरली. डॉक्टर खूश झाले. काका दोन गठ्ठे बांधायला लागले. ताईच्या गठ्ठ्यातल्या कपड्यांना उन्हाचा वास यायचा. दुसऱ्या गठ्ठ्यात मालकीणबाईंचे कपडे आणि गाऊन एकमेकांत घडी होऊन यायचे, आणि काकांनी एकदा दबकत विचारलं, "बाई, तुमच्या कॉलरला हल्ली मळाचे दोन वळ येतात. एक वर, एक खाली. बरं आहे ना?" त्या म्हणाल्या, बरं आहे. सुट्टीच्या दिवशी, धुण्याला हातही लावला नव्हता तरी, त्यांची बोटं पांढरी आणि सुरकुतलेली होती. ती त्यांनी खिशात घातली.

त्या दिवसापासून त्यांनी ताईला स्पर्श केला नाही. औषध मेजावर ठेवायचं, दारातून बोलायचं. ताई बघत होती. बोलायला तिला आठवडे लागले.

"माझे कपडे वेगळे," ती एका दुपारी म्हणाली. "पेला वेगळा. चादर वेगळी. आईची खूण माझ्या कपड्यांवरून कापून काढलीस. जवळ येत नाहीस." तिचा आवाज फुटला. "मी आजारी आहे, माझा कफ पडतो, मला कळतं. पण सांग ना. माझी किळस येते का गं तुला?"

मालकीणबाई दारात उभ्या होत्या, हात पाठीमागे धरून. हातांवरून थेंब फरशीवर पडत होते. त्यांना सांगायचं होतं, नाही गं वेडे, जगात फक्त तुझीच नाही येत. त्यांना धावत जाऊन तिचं डोकं पोटाशी धरायचं होतं. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि जो आवाज बाहेर आला तो हळू होता, मऊ होता, नाकात पाणी असल्यासारखा.

"समजलं हं," त्या म्हणाल्या.

ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत राहिले, मग थकून थांबले. झोप लागली असावी. मालकीणबाई तिथून हलणार, तोच त्यांना उशीवर एक ओला डाग दिसला.

त्या पाय न वाजवता आत गेल्या, हात पाठीमागेच धरून वाकल्या, आणि नाक उशीजवळ नेऊन त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं.

अश्रू होते. नुसते अश्रू. त्यांना काही करायला लागत नाही, आपोआप वाळतात, डाग राहत नाही. मालकीणबाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि आपल्या खोलीकडे गेल्या, जिथे कुणीतरी त्यांची वाट बघत होतं.